फोटोत पिवळा येत नाही

छपरावर झाडं होती, म्हणून ओळखलं. सपाट छपरावर माती ओतून लावलेली पाइनची झाडं, आता म्हातारी झालेली, वाकलेली, एकमेकांच्या अंगावर रेललेली. असलं छप्पर मी जन्मात एकदाच पाहिलं होतं, तेही रस्त्यावरून, गाडीतून न उतरता. बाकी जंगल जर्मनीतल्या हेस्सेन प्रांतातल्या कुठल्याही जंगलासारखं. ओल्या पाल्याचा वास, लाकडांच्या रचलेल्या थप्प्या, आणि माणूस म्हणून नाही.

नीना गाडी लावत होती. ही माझ्या मुलीची मुलगी. तिला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. लग्न ठरलंय तिचं, मुलगा पुण्याचा, बर्लिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हळद त्याच्या घरच्यांपेक्षा हिलाच जास्त हवी. पाहुण्यांना पिवळे कपडे, ढोल, फोटोवाला, सगळं ठरलेलं. पहिली हळद आबा, म्हणजे मी, लावणार, हेही तिनंच ठरवलेलं. तिची ओमा, म्हणजे आजी, माझी बायको उर्सुला, गेल्या हिवाळ्यात गेली. ओमा नाही तर निदान तुमचा हात तरी लागू दे आबा, असं ती फोनवर म्हणाली, आणि मी हो म्हणून बसलो. कुठं ते विचारलं नाही. जंगलातला जुना हॉल आहे, लई भारी आहे, एवढंच कानावर होतं.

आतली बाई चांगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी तिच्यावर ओरडलो. नीटनेटकी, हसरी, हातात टॅबलेट. माझं कोपर धरून पायरी चढवली. म्हणाली, तर मग, छप्पर बघितलंत का? हिरवं छप्पर. त्या काळातसुद्धा लोकांनी निसर्गाचा किती विचार केला होता. निसर्गाचा! वरून विमान गेलं तर नुसतं जंगल दिसावं, खाली बाया बॉम्ब भरतायत ते दिसू नये, म्हणून लावलेली ती झाडं. पण आल्या आल्या तोंड उघडलं की म्हातारा खवचट आहे म्हणतात.

छताचे लोखंडी रूळ तसेच ठेवले होते. त्यांना झेंडूच्या माळा सोडता येतील, ती म्हणाली. भिंती खरवडून विटा उघड्या केलेल्या. कॉफीचा वास, लाकडाच्या पॉलिशचा वास. ज्या वासाबद्दल मी ऐकलं होतं, तो कुठंच नव्हता. आणि बारच्या मागं, भिंतभर, एक फोटो. बायका. डोक्याला फडकी, अंगात जाड एप्रन, ओळीनं उभ्या आणि हसतायत. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: कणखर बायका.

नीना म्हणाली, पाट इथंच मांडायचा, या फोटोसमोर.

मी जवळ गेलो. चष्मा पुसला आणि एकेक तोंड बघितलं. माझी सासू त्यात नव्हती. असती तरी काय कळलं असतं? फोटो काळापांढरा.

हळदीचं मला कुणी शिकवू नये. सांगलीचा मी. हरिपूरच्या वाटेला जमिनीत पेवं होती, आत उतरलेल्या माणसाला वरून हाका मारायला लागायच्या एवढी खोल, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं निजलेली. बाप पोती उचलायचा. आई पेठेत हळकुंडं निवडायला जायची. थंडी सरत आली की शिवारात काहिली चढायच्या, हळद शिजायची, आणि तो वास, थोडा मातीचा, थोडा कडवट, गावावर येऊन बसायचा. उठायचा म्हणून नाही. पॉलिशचं पिंप घरघरत फिरायचं, धूळ उडायची, आणि दारातून आत आलेला उन्हाचा पट्टासुद्धा पिवळा व्हायचा.

संध्याकाळी आई चुलीपुढं बसली की भाकरीवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उठायचे. ज्या भाकरीवर जास्त ठसे ती माझी, म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. कृष्णेवर ती हात घासायची, पाणी पिवळं होऊन पुढं जायचं आणि हात तसेच. तिला तिरडीवर ठेवली तेव्हाही नखं पिवळी होती म्हणे. भावानं कळवलं. मी तेव्हा इथं बर्फ ओढत होतो.

तर माझ्या लेखी पिवळा हात म्हणजे घरी आलेली आई. ती खोकायची, हे खरं. हळदीची धूळ छातीत बसते. त्याला कोण विष म्हणणार? पेठेत काम लागलं म्हणून आळीतल्या बाया तिचा हेवाच करायच्या.

शाळा चौथीपर्यंत. मग लेथवर हात बसला, आणि त्या हातानं मला ओढत र्युसेल्सहाइमच्या मोटारीच्या कारखान्यापर्यंत आणलं. कसं आणलं ते सोडा. आठवतं ते एवढंच, की सकाळी अंधारात सायकलींची रांग, चाकाखाली बर्फ कुरकुर वाजतोय, आणि सगळीकडं उकडलेल्या बटाट्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. कँटीनमध्ये उर्सुला सूप वाढायची. मला तिखट मागायची लाज वाटायची. तिला ते समजायचं. मिरपुडीची डबी माझ्यापुढं आपटायची आणि वर न बघता पुढच्याला वाढायला लागायची. अशी आमची ओळख. पुढं फ्रँकफुर्टच्या काळेवहिनींचं ऐकून ती 'अहो' शिकली, पण उलटं शिकली. एरवी मला नावानं हाक मारायची, आणि राग आला की अहो. आमच्या घरात अहो ऐकू आलं की मी टोपी घालून फिरायला निघायचो.

लग्नाला आईनं हळद धाडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेली पुडी. पोस्टमननं दिली तेव्हा त्याचीही बोटं पिवळी झालेली, तो ती शर्टाला पुसत जिना उतरला. काळेवहिनी मुद्दाम आल्या. उर्सुलाचं माहेर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाप युद्धातून आलेलाच नव्हता. आई हेडविग, ती बाजारात गेली होती. वहिनींनी वाटीत दुधात हळद कालवली, आधी माझ्या गालाला, हाताला लावली, आणि उरलेली उष्टी हळद घेऊन उर्सुलाकडं गेल्या. तिला स्टुलावर बसवलं, बाह्या वर केल्या. उर्सुला खिदळत होती, गुदगुल्या होतायत म्हणत होती. मी दारात उभा. खिडकीतून ऊन आलेलं. खरं सांगतो, त्या पिवळ्या हातांनी ती जी दिसली, तशी पुन्हा दिसली नाही.

हेडविग आत आली. हातातली जाळीची पिशवी सुटली, बटाटे फरशीभर झाले.  तिनं लेकीचं मनगट धरलं, ओढत नळाखाली नेलं, फरशीचा ब्रश घेतला आणि घासायला लागली. वहिनी मध्ये पडल्या, अहो हळद आहे ती, हळद, चांगली असते. हेडविगला मराठी कुठलं कळणार. ती घासत होती आणि स्वतःशीच एकच म्हणत होती, निघत नाही, निघत नाही. हळद निघत नाहीच हो लवकर. दंडावर रक्ताचे बारीक ठिपके आले, तरी खाली पिवळं होतंच.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या कचेरीत उर्सुला लांब बाह्यांच्या झग्यात आली. भर उन्हाळा.

मी काय समजलो असेन? कुणीही समजेल तेच. बाईला काळा जावई नको. माझ्या आईनं सातासमुद्रापार धाडलेली वस्तू लेकीच्या अंगाला लागायला नको. मनात गाठ बसली. उर्सुलाला विचारलं, तर म्हणाली, आईचं युद्धातलं काहीतरी आहे, तू लक्ष देऊ नकोस. त्या घरात युद्ध हा शब्द दार लावल्यासारखा वापरायचे. एकदा उच्चारला की पुढं कुणी बोलायचं नाही.

नीनाची आई जन्मली तेव्हा बर्फ पडत होता. हेडविग दवाखान्यात आली ती कोटासकट, टोपीवरचं पाणी गळतंय. मला बघितलं नाही, लेकीला बघितलं नाही, सरळ पाळण्याकडं गेली. बाळाला उचललं, खिडकीशी नेलं, दुपटं सोडलं. पोट बघितलं. तळवे बघितले. अंगठ्यानं पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघितला. पोर कळवळून रडायला लागली, तरी ही उजेडात धरून बघतेच आहे. माझे कान तापले. जुनी गाठ वर आली. माझं जर्मन तेव्हा मोडकं होतं, पण ते वाक्य मला एकदम सरळ आलं. "किती काळी आहे ते बघताय का?"

हेडविगनं ऐकलंसुद्धा नाही. उत्तर खाटेवरून आलं.

"अहो," उर्सुला म्हणाली. "पिवळी आहे का ते बघतेय ती. मी पिवळी जन्मले होते."

हेडविगनं बाळाला गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.  "तपकिरी आहे," ती म्हणाली. "देवाचे उपकार."

त्यानंतर ती मला सांगायला लागली. का ते माहीत नाही. लेकीला एकदाच सांगितलं होतं, तिच्या बाळंतपणाआधी, घाबरून. मला मात्र थोडं थोडं, वर्षानुवर्षं, कधीही हात मोकळे असताना नाही. वसंतात पांढऱ्या शतावरीचे कोंब सोलताना एक तुकडा. ऑगस्टात आलुबुखाऱ्याच्या बिया काढताना दुसरा. डोळे सुरीवर, आणि बोलणं असं की शेजारणीची गोष्ट सांगतेय.

हुकूम आला होता म्हणे. नवरा रशियाकडं, घरात ही एकटी, जंगलातल्या कारखान्यात जायचं. विचारलं नाही, सांगितलं. पहाटेची गाडी. त्या कारखान्यातल्या बायकांचा डबा वेगळा, कारण त्यांच्या अंगाचा पिवळा रंग बाकावर उतरायचा आणि बाकीच्यांचे कपडे खराब व्हायचे. गावातली पोरं मागं लागायची, कॅनरी, कॅनरी, गाणं म्हण. कॅनरी म्हणजे ते पिंजऱ्यातलं पिवळं पाखरू. फडक्याखाली केस कोल्ह्यासारखे तांबडे झाले. उशी पिवळी, टॉवेल पिवळा, घाम पिवळा. गरम स्फोटक खिरीसारखं पातळ करून बॉम्बच्या कवचात ओतायचं, आणि वास कडू बदामाचा. पहिल्या दिवशी तिला तो वास आवडला होता. नाताळच्या मार्झिपानसारखा, बदामाची मिठाई असते ती. मग आयुष्यभर नाताळात ती त्या मिठाईचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायला लावायची.

कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मगभर दूध मिळायचं. विष मारायला. दुधानं विष मरतं का हो? पण मिळायचं. आणि पलीकडच्या हॉलमध्ये दुसऱ्या बायका होत्या. पूर्वेकडून धरून आणलेल्या, तारेच्या कुंपणातल्या बराकीत ठेवलेल्या, छातीवर कापडाचा तुकडा शिवलेल्या. काम तेच. रंग आणखी गडद. त्यांना दूध नाही. मधल्या दारातून त्यांची रांग आत जायची, नेमकी ह्या बायका दुधाचा मग तोंडाला लावून उभ्या असायच्या तेव्हा.

ते सांगितलं त्या दिवशी हेडविग मटार सोलत होती. एवढं एकदाच तिनं मान वर केली. "मी प्यायले. सगळं प्यायले. पोटात उर्सुला होती म्हणून प्यायले, असं मी स्वतःला सांगते. नव्हती तेव्हाही प्यायले." आणि परत मटार.

त्या पलीकडच्या बायकांतली एक काम करताना गुणगुणायची. मग एका आठवड्यात गुणगुणणं बंद झालं. विचारायचं नसायचं.

उर्सुला जन्मली ती पिवळी. सुईण म्हणाली, अशी येतायत बाळं, उन्हात ठेव आणि गप्प बस. हेडविगनं तिला रंग उतरेपर्यंत कुणाला दाखवलं नाही. रंग उतरला. भीती उतरली नाही. मग वीस-बावीस वर्षांनी बाजारातून येते तर लेक परत पिवळी, शेजारी दुधाची वाटी, आणि दारात हा हळदीच्या पेठेतला जावई दात काढून उभा. ब्रश नाही घेणार तर काय करील ती?

एकदाच तिनं तो हॉल दाखवला. रविवारी फिरायला निघालो होतो, फाट्यावर म्हणाली, थांबव. उतरली नाही. काचेवर बोट टेकवून म्हणाली, ती छपरावरची झाडं. मग म्हणाली, चल.

आमच्याकडं रविवारची आमटी बिनहळदीची व्हायची. उर्सुलानं काढलेली रीत. तुरीची डाळ, चिंच, गूळ, कढीपत्ता मिळाला तर, आणि हळद नाही. दिसायला ओल्या चुन्यासारखी. सांगलीत कुणापुढं वाढली असती तर ताट फेकून मारलं असतं. हेडविग ती बोटं चाटत खायची. दुधाची बाटली मात्र टेबलावर दिसली की खुर्ची फिरवून बसायची. ती गेली तरी आमटी पांढरीच राहिली. कोण बदलणार? सवय झाली होती.

आता मला राग कशाचा येतो, ते सांगतो. घरातल्या टीव्हीवर परत सुरू झालंय. कोट घातलेली माणसं बसतात आणि म्हणतात, मोटारी आता खपत नाहीत, तर त्याच कारखान्यांत दारूगोळा करू या, कामं टिकतील. कामं! सगळं सांगतात. किती होईल, कधी होईल. भरणार कोण, ते कुणी सांगत नाही. कुणाच्या उशीला रंग लागणार, ते सांगत नाही. मग शंभर वर्षांनी तिथं बार निघेल आणि भिंतीवर फोटो लागेल. कणखर बायका. कणखर काय? पर्याय नव्हता त्यांना. बैलाला जू लावायचं आणि म्हणायचं, किती खांदा देतो बघा.

उर्सुला शेवटी पिवळी पडली. आधी डोळे, मग कपाळ, मग तळवे. डॉक्टर म्हणाला, पित्ताची वाट बंद झाली आहे, जन्माच्या वेळच्या गोष्टीशी याचा काही संबंध नाही. नसेल. चौथी शिकलेला माणूस मी, मी काय वाद घालणार? खिडकीतून हिवाळ्याचं पांढरं ऊन यायचं, त्यात ती आणखी पिवळी दिसायची. एका दुपारी तिनं आरसा मागितला. मी देत नव्हतो. मला अहो म्हणाली, मग दिला. बराच वेळ बघितलं आणि आरसा पालथा ठेवला.

"आले तशीच चाललेय," ती म्हणाली.

मी तिचा हात घासत बसलो. नुसता बोटांनी. ऊब यावी म्हणून.

आणि आता त्याच छपराखाली नीना मला सांगत होती, ढोलवाले या दारातून येतील, तुम्ही इथं बसा, वाटी इथं. हॉलची बाई म्हणाली, फोटो सगळ्यांना आवडतो, विशेषतः नवऱ्या मुलींना. तुम्हाला कसा वाटला?

मी जर्मनमध्ये विचारलं, या बायकांचा रंग कोणता होता?

तिला कळलं नाही. म्हणाली, म्हणजे? जर्मनच होत्या सगळ्या.

तिथं माझं जर्मन संपलं. इतकी वर्षं इथं काढली, तरी राग मला मराठीतच येतो. मी नीनाकडं वळलो आणि म्हटलं, सांग हिला. मी बोलत गेलो. फोटोत पिवळा येत नाही म्हणून तुमचं निभावलं, म्हटलं. फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून हसल्यात त्या. पलीकडच्या हॉलच्या बायका फोटोत का नाहीत, ते विचार हिला. नीना घाबरून भाषांतर करत होती. तो म्हणतो असं, तो म्हणतो तसं. आबा, हळू, असंही मध्येच मला. मी कसला हळू होतोय. दूध सांगितलं. गाडीचा डबा सांगितला. पिवळं जन्मलेलं मूल सांगितलं.

नीना थांबली. मला जर्मनमध्ये विचारलं, कुणाचं मूल?

"तुझी ओमा," मी म्हटलं.

 नीना त्या बाईकडं वळली आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. या वेळी तो म्हणतो असं म्हणाली नाही. माझी ओमा पिवळी जन्मली, म्हणाली. माझी पणजी इथं काम करत होती.

हॉलची बाई लाल झाली. तिनं खरोखर माफी मागितली. मला माहीत नव्हतं, हॉल घेतला तेव्हापासून फोटो इथंच आहे, वगैरे. मग बिचारीनं मार्ग काढला. म्हणाली, तुमच्या कार्यक्रमापुरता आपण तो झाकू. आमच्याकडं मोठा पडदा आहे. पिवळाच आहे, तुमच्या सजावटीला जाईल.

"झाका," मी ओरडलो. "तेच येतं तुम्हाला. आधी झाडं लावून झाकलं, आता पडदा लावून झाका."

याचं भाषांतर नीनानं केलं नाही. गरज नव्हती.

बाहेर आलो. पाऊस पडून गेला होता, छपरावरच्या झाडांचं पाणी अजून खाली टपकत होतं. मला वाटलं, पोर आता माझा हात धरेल, रडेल, आपण दुसरा हॉल बघू म्हणेल. तर तीच माझ्यावर भडकली. मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, काय विचारायचं ते माहीत असतं तर विचारलं असतं ना. आणि मग जे निघालं ते निघालंच. तुम्ही, ओमा आणि आई, तिघांनी मला लहानपणभर पांढरी आमटी घातली, मला वाटलं आमटी अशीच असते. पुण्याला सासूबाई सगळ्यांसमोर हसल्या, अगं, तुमच्याकडं हळद परवडत नाही का? मी म्हटलं, आमच्याकडं अशीच करतात. अशीच करतात! का करतात ते कुणी सांगितलंय मला? ओमा मरताना पिवळी झाली तेव्हा मी तिच्यापाशी बसले होते आबा. तिनं मला सांगितलं नाही. तुम्ही खुर्चीवर होता. तुम्ही नाही सांगितलं. आणि आज हॉल ठरल्यावर परक्या बाईवर ओरडून सांगता.

बरोबर तिचंच होतं. पण मी चूक म्हणणारा माणूस नाही. मी म्हटलं, हे बघ, इथं मी तुला हळद लावणार नाही. माझ्या आईच्या हातची असती तरी लावली नसती. तू दुसरीकडं कर, घरात कर, रस्त्यावर कर, येतो. इथं नाही.

ती गाडीला टेकून उभी राहिली. रागात ती हुबेहूब उर्सुलासारखी दिसते, फक्त अहो म्हणत नाही.  मग म्हणाली, कार्यक्रम इथंच होणार. पडदा नाही. फोटो उघडा. सगळे आले की ढोल नाही, हळद नाही, आधी तुम्ही बोलायचं. आत्ता बोललात तसंच, मराठीत. मी शेजारी उभी राहून जर्मनमध्ये सांगेन. मग ज्यांना हळद लावावीशी वाटेल ते लावतील. नाही वाटली तर नाही.

मी म्हटलं, आणि मी?

तुमचा हात नको मग, ती म्हणाली. तुमचं तोंड हवंय.

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. म्हटलं, लग्नात असलं कुणी ऐकतं का? तुझे सासरचे उठून जातील. जाऊ देत, म्हणाली. तिनं फोन काढला आणि विचारायला लागली. पणजीचं माहेरचं नाव काय. कुठल्या गावची. केस आधी कोणत्या रंगाचे होते. मी सांगत गेलो. केस गव्हाळ होते, असं हेडविग म्हणायची. ते लिहिताना नीनाचा अंगठा थांबला, तिनं स्वतःच्या केसांना हात लावला, आणि परत लिहायला लागली.

आणि त्या दुसऱ्या बायका, तिनं विचारलं. पलीकडच्या हॉलमधल्या. त्यांची नावं?

माहीत नाहीत, मी म्हटलं. हेडविगलाही माहीत नव्हती.

ती गुणगुणायची तिचंसुद्धा?

तिचंसुद्धा.

मग तेच सांगायचं, नीना म्हणाली. नावं माहीत नाहीत, कारण कुणी विचारली नाहीत. तिनं ते लिहिलं, फोन खिशात टाकला, माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. मी आत बसल्यावर पट्टा लावून देताना म्हणाली, फक्त एक करा आबा. ओरडू नका. लोक जेवायला आलेले असतील.

मी म्हटलं, ओरडणार.